काळं फडकं

तळ्याचंच पाणी भरून तळ्यात सोडलेल्या दोन्ही बाटल्यांतला प्राणवायू तिसऱ्या दिवशीही सारखाच निघाला. काळ्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीपेक्षा उन्हातल्या बाटलीत तो जास्त असायला हवा होता. वैजयंतीने वही मिटली.

"म्हणजे काय, ताई?" वल्हं धरून बसलेल्या जिवबामामांनी विचारलं.

"उन्हात प्राणवायू सोडणारं शेवाळच मेलंय, मामा. आता माशांनी खायचं काय?"

तीन पिढ्या याच तळ्यात जाळं टाकणारे मामा पहिल्या दिवशी तिच्या बाटल्यांना हसले होते. आज त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं.

"फडकं मीच बांधलेलं. माझ्याच हातनं ढिलं राहून ऊन आत शिरलं असणार. पुन्हा टाकू."

फडकं दर वेळी तिने स्वतः तपासलं होतं.

"टाकू," म्हणत तिने बाटली पुढे केली. मामा गाठीवर गाठ मारत राहिले.