दोन सर्व्हरची खंडेनवमी

पेडण्यातल्या आमच्या बसकंपनीत खंडेनवमीला गाड्यांबरोबर बुकिंगचा सर्व्हरही बंद ठेवून पुजत. एरवी तो कधी रुसेल याचा नेम नसे, म्हणून तो सांभाळणाऱ्या निखिलला वर्षातली तेवढीच सुट्टी मिळे. त्या दिवशी तो दोडामार्गकडच्या गावी आईला भेटायला जाई.

यंदा मालकांच्या मागे लागून त्याने दोन सर्व्हर एकाच सामाईक स्टोरेजला जोडले. एक बंद पडला की दुसरा आपोआप त्याचं काम उचलणार होता. आता अधूनमधून येत जाईन, असं त्याने आईला कळवूनही टाकलं.

खंडेनवमीला मालक शिवदासबाब आरतीचं ताट घेऊन आले. निखिल खांद्याला पिशवी अडकवून उभा होता. त्यांनी त्याला एक सर्व्हर बंद करायला लावला. पडद्यावर मुंबईचं बुकिंग तसंच चालू राहिलं.

"बरा काम केलंस रे," ते म्हणाले. "आता एकाची पूजा, दुसऱ्याचा बुकिंग. दसऱ्याची गर्दी सोडूक नाय. तू हंयच बस."

"बाब, आई वाट बघतली."

"तिका फोन कर. ह्यो दुसरो बंद पडलो, तर कोण बघतलो?"

निखिलने पिशवी खाली ठेवली. शिवदासबाबांनी बंद सर्व्हरला झेंडूची माळ घातली, गंध लावलं. मग सुट्टीवर निघालेल्या ड्रायव्हरांच्या कपाळी गंध लावत ते निखिलपाशी आले. तेवढ्यात म्हाताऱ्या नारायण ड्रायव्हरने त्यांचा हात हलकेच धरला.

 

"बाब, चालू हत्याराक गंध लावूचा नसता."