लाकडाचं बाळ

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाळण्यात बाळ नव्हतं. त्याच्या दुपट्यात, त्याचंच टोपडं घालून, वीतभर लांबीचा लाकडी बाळ येशू निजला होता.

बाळाची आई ओल्या केसांनी तशीच उभी राहिली. ती दहा मिनिटं अंघोळीला गेली होती, तेवढीच. मध्ये बेल वाजली तेव्हा दादा आला असेल असं तिला वाटलं होतं. तिच्या हाका ऐकून दादा आता कुठे गच्चीवरून धावत खाली आला. हातात नाताळची कागदी चांदणी होती.

खुर्चीत बाबा बसले होते. हाताची घडी, गालात हसू.

"बाबा, बाळ कुठंय?"

"शोधा की," बाबा म्हणाले. "आयतं हवंय होय लबाडांना?"

दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. हा खेळ त्यांना पाठ होता. बाबा सुतार. येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा त्यांनीच कोरलेला, त्यातलं लाकडी बाळही त्यांनीच. दर नाताळला बाबा ते लाकडी बाळ लपवायचे आणि पोरं घर उलथंपालथं करायची. बाबा फक्त 'थंड' किंवा 'गरम' म्हणायचे. एका वर्षी तर ते प्रत्येक खोलीत 'थंड'च म्हणत राहिले, कारण बाळ पोरांच्या आईच्या एप्रनच्या खिशात होतं. वर्षभर ती दोघं या एका दिवसाची वाट पाहायची.

गेली दोन वर्षं बाबांचं आज आणि काल एकत्र होत होतं. पण इतकं कधी नाही.

"बाबा, हा खेळ नाही! खरं बाळ आहे ते, तुमचा नातू!" दादा ओरडला.

"थंड."

घरातलं सगळं फर्निचर बाबांच्या हातचं होतं, आणि प्रत्येकात एखादा चोरकप्पा. कुठला किती खोल, हे त्यांनाच ठाऊक. दादाने दिवाणाची फळी उचकटली. तिने कपाटाचा तळ उपसला. कप्प्यांत जुनी शिट्टी निघाली, गोट्या निघाल्या, झाकणं घट्ट बसणारे रिकामे डबे निघाले. पाच महिन्यांचं पोर अशा कप्प्यात किती वेळ श्वास घेईल, या धास्तीने दोघांचे हात आणखी भराभर चालू लागले.

"थंड," बाबा म्हणाले. "अगदी बर्फ!" आणि टाळी वाजवून हसले.

चार पंचवीस. दादाने त्यांचे खांदे धरले. "सांगा ना हो, बाबा. पाया पडतो."

"रडीचा डाव खेळायचा नाही."

तेव्हा तिला शेवट आठवला. खेळ बाबा कधीच थांबवत नसत. थांबवायची ती आई. पोरं रडवेली झाली की ती हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात यायची, एक वाक्य बोलायची, आणि बाबा निमूटपणे सगळं सांगून टाकायचे. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

ती स्वयंपाकघरात गेली. आईचा एप्रन अजून खिळ्याला होता. तो तिने बांधला आणि दारात येऊन हात पुसले. दादाने मान फिरवली.

"अहो," ती म्हणाली. आवाज आईसारखा कोरडा ठेवायला तिला सगळा जीव लावावा लागला. "पुरे झालं आता. पोरं रडकुंडीला आलीत. बाळ कुठे ठेवलंय?"

बाबांची घडी सुटली. हसूही मावळलं. त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग बाहेरच्या दाराकडे. दार नुसतंच लोटलेलं होतं.

"असं काय करतेस?" ते गोंधळून म्हणाले. "मघाशी बेल वाजवून तूच आलीस ना? तुझ्याच तर हातात दिलं."