गेलेल्या माणसाची चावी

“मानूस गेला का त्याची चावी पन गेली पायजे,” तुळशीराम शेठ म्हणाले. “कोनी बटन दाबायची वाट बगायची नाय. आपोआप झालं पायजे.”

दीपेशने मान डोलावली, पण आतून तो फणफणला.

पनवेलच्या त्या ऑफिसात आपोआप होणारं जे काही होतं, ते सगळं दीपेश म्हात्रेनेच उभं केलेलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रान्सपोर्टवाले ज्या प्रोग्रामवर बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या फाडायचे, तो त्याचा. प्रोग्रामचा कोड एका रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात राहायचा. गिऱ्हाइकं, तक्रारी आणि कर्मचारी यांच्या नोंदी ऑफिसच्या डेटाबेस अ‍ॅपमध्ये. दोन्हींना जोडणारा पूलही त्यानेच बांधला होता. अ‍ॅपमध्ये तक्रार आली की रिपॉझिटरीत काम तयार व्हायचं. काम झालं की तिकडे तक्रार मिटायची आणि गिऱ्हाइकाला मेसेज जायचा. आता शेठना त्याच पुलावर एक फाटक हवं होतं. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यातून नाव निघालं, की त्या माणसाला रिपॉझिटरीचं दार बंद.

पण जाणार कोण होतं?

शेठना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे. करंजाड्याची जमीन संपादनात गेली, त्या पैशातून त्यांनी हे ऑफिस थाटलं होतं. सगळी उमर जमिनीच्या सौद्यांत गेलेली, त्यामुळे सही होईपर्यंत सख्ख्या भावालाही पत्ता लागू द्यायचा नाही, ही त्यांची जुनी खोड. दीपेशला ती ठाऊक होती. म्हणूनच तो डोळे उघडे ठेवून होता.

आधी समृद्धी नावाची नवी मुलगी आली. “दीपेसचं सगलं काम शिकून घे, महिन्याभरात,” शेठनी तिला त्याच्यासमोरच सांगितलं. मग एक वकील यायला लागला. तो आला की केबिनचं दार लागायचं. मग शेठनी दीपेशकडून पॅन कार्डाची कॉपी आणि दोन फोटो मागून घेतले. कशाला, ते सांगितलं नाही. आणि सोमवारी म्हणाले, “तुजं टेबल खाली करून ठेव. समृद्धीला बसायला लागंल.”

दीपेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो सरळ केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

“शेठ, मला काही सांगायचंय का तुम्हाला?”

“एक तारखेला बोलू.”

“आज बोललात तर?”

“आज बोलन्यासारकं काय नाय,” म्हणत शेठनी फोन कानाला लावला.

गरज सरो, वैद्य मरो. याच माणसाचा प्रोग्राम बंद पडला म्हणून दीपेश बहिणीच्या हळदीला रोडपालीत नव्हता. घरी मांडवात बेंजो वाजत होता आणि हा कळंबोलीत ट्रकवाल्यांच्या शिव्या खात कोड दुरुस्त करत होता. आगरी घरात सख्ख्या बहिणीची हळद चुकवणं म्हणजे काय, हे शेठना कोणी समजावून सांगायला हवं होतं? ते स्वतः आगरीच ना? बहीण अजून टोमणे मारायची. ते टोमणे आठवले की त्याचं पित्त खवळायचं.

त्याने फाटक बांधलं. शेठनी सांगितलं तसंच, फक्त त्यात थोडं पदरचं घातलं. निघालेलं नाव दीपेश म्हात्रे असेल, तर आधी रिपॉझिटरी पुसायची. मग ऑफिसात कोडच्या असतील नसतील तेवढ्या प्रती, मग बॅकअप. शेवटी त्याच्या मोबाइलवर एक मेसेज. पुन्हा उभं करायला मागे काही ठेवायचंच नाही.

मी कुठे काय करतोय, असं तो स्वतःला बजावत राहिला. नाव काढणारे ते. नाही काढलं, तर काहीच होणार नाही.

तरी मन खात होतं. सात-आठ वर्षांचं काम होतं ते, आणि त्यातली ओळ न् ओळ त्याच्या हातची. महिनाअखेरीस त्याने ते पदरचं काढून टाकायचं ठरवलं. फाइल उघडलीही. तेवढ्यात हिशेब बघणारी नीता त्याच्या टेबलाशी आली. बिचारी खाली बघून बोलत होती.

“दीपेश, तुला म्हणून सांगते. तुझं नाव पुढच्या महिन्याच्या पगारात धरू नको म्हणालेत शेठ.”

“कारण?”

“विचारलं मी. म्हणाले, तुजं काम कर.”

दीपेशने फाइल होती तशी बंद केली.

एक तारखेला शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. वकील बाजूला बसला होता. नीता कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती आणि आज तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. हिलाही फितवलीच, दीपेशच्या मनात आलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

“नीता, याचं नाव काढलंस कर्मचाऱ्यांतून?” शेठनी विचारलं.

“काढलं शेठ. आत्ताच.”

दीपेश उभ्या उभ्या वाट बघत राहिला. वकील कागद चाळत होता, शेठ चष्मा पुसत होते. थोड्या वेळाने खिशातला मोबाइल थरथरला. दीपेशने तो काढून वाचला. सगळं पुसलं गेलं होतं, बॅकअपसकट. कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. खुर्ची ओढून, कोणी म्हणायच्या आधीच तो शेठच्या समोर बसला.

“बोला शेठ. आता काय ते मोकळेपणी बोला.”

शेठनी वकिलाकडून कागद घेऊन त्याच्यापुढे सरकवले आणि स्वतःचं पेन उघडून त्याच्या हातात दिलं.

“मालकाचं नाव नोकरांत कशाला ठेवायचं? निम्मी कंपनी आजपासून तुजी हाय. कर सही.”