खांद्यांचं माप

"पोहून पोहून पोरीचे खांदे दाराएवढे झाले," म्हणत शिवणकाम करणाऱ्या आईने तिचं तलावावर जाणं बंद केलं. "मांस उतरेल, ताई. हाडाचं काय कराल?" पोहायला शिकवणारे सर म्हणाले. आईने ऐकलं नाही. कापड आत घेता येतं, तसे खांदेही येतील, असं तिला वाटायचं. दर रविवारी ती टेप लावून बघायची. खांदे काही हलेनात. पोरगी मात्र झोपेत हात मारायची आणि चादर लाटेसारखी खाली घसरायची.

एका दुपारी मशीनवरच आईचा डोळा लागला. खिडकीचा निळा पडदा फुगत होता, सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. पोरीने हळूच टेप उचलली आणि आईच्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरली. आईचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं. स्वतःचे कपडे ती जुना ड्रेस कापडावर पसरून बेतायची.

"आई, तू पोहायचीस का गं कधी?"

"मी? मला घोट्याएवढ्या पाण्याचीही भीती वाटते," आई अर्धवट झोपेत पुटपुटली.

"तुझं माप माझ्याएवढंच आहे."

आईने डोळे उघडले. टेपवरचा आकडा पाहिला. मग कितीतरी वेळ ती त्या हलत्या पडद्याकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी तलावाच्या उथळ टोकाला आई कठडा घट्ट धरून उभी होती. पोरीने हात पुढे केला.

"सोडू नकोस हं," आई म्हणाली. "खांदे तर होतेच माझे. पोहायचंच तेवढं राहून गेलं."