डाव्या कानाच्या दोन खाचा

हिर्डोशीत फक्त माळावर रेंज मिळायची. तिथं बसून कोमल मोबाईलवर प्रथिनांचा डेटाबेस वापरायला शिकत होती.

खालून आबांनी हाक दिली, "सहावं मेंढरू गेलं गं! आपल्या खुणेचंच मरतंय. शेजारच्यांचं एकबी न्हाई."

आबांच्या मेंढरांची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन खाचा.

कोमलनं भाताचं प्रथिन उघडलं. पडद्यावर त्याचा आकार फिरला. त्याच्या डाव्या कडेला दोन खाचा होत्या.

तिनं माशाचं उघडलं. त्यालाही होत्या.

शेवटी माणसाचं उघडलं.

"तुज्या शिकण्यात यावर कायच न्हाई का?" आबांचा आवाज फाटला.

"न्हाई, आबा," म्हणत तिनं केस डाव्या कानामागं सारले. बोटं रक्तानं ओली झाली.

एक खाच हाताला लागली. दुसरी चाचपायला हात धजेना.