पहिले हजार किलोमीटर

"भाभी, हसू नका," फकिरा मेकॅनिक म्हणाला. "नवं इंजन लेकरासारखं असतंय. पहिले हजार किलोमीटर त्याच्या कलानं घ्यायचं. साठच्या वर न्यायचं नाय, जबरदस्ती तर बिलकुल नाय. आत्ता बिघडलं तर उम्रभर बिघडलं समजा."

चारुता तरी हसलीच. तिच्या कडेवर पाच महिन्यांचा कैवल्य टाहो फोडत होता. इंजिनाचे लाड करायला तिला फुरसत कुठं होती? "हे सगळं यांना सांगा," म्हणत तिनं नवऱ्याकडं बोट दाखवलं आणि ती सावलीत जाऊन उभी राहिली.

शंतनूनं मात्र शब्द न् शब्द गाठीला बांधला. रोज संध्याकाळी कंपनीतून आला की चहा घेऊन गाडी बाहेर. चिकलठाण्यातून शहरात, छावणीवरून पैठण रोडला, बिडकीनपर्यंत जायचं आणि तसंच परत. घाई नाही, करकचून ब्रेक नाही.

त्या उन्हाळ्यात सोसायटीत पाचव्या दिवशी टँकर यायचा. प्यायलाच पाणी पुरेना, तिथं कूलरमध्ये काय ओतणार? चौथ्या मजल्यावरच्या भिंती दिवेलागणीलाही तव्यासारख्या तापलेल्या असत. कैवल्यला दिवसभर डोळ्याला डोळा लागत नसे. गाडीत एसी होता. म्हणून तिघंही निघायची.

छावणीत हिमानीताई चढायच्या. शंतनूची थोरली बहीण. शाळेत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. पहिल्या दिवशी कैवल्य चारुताच्या मांडीवर रडून रडून लालबुंद झाला, तेव्हा त्यांनी मागच्या सीटवरून हात पुढं केले. "दे गं इकडं." दोन मिनिटांत पोर गाढ झोपलं.

"ताई, काय जादू केलीस?" शंतनूनं विचारलं.

"जादू कसली? तुझी बायको त्याला परीक्षेच्या पेपरासारखं धरते. धरणाऱ्याचेच हात थरथरले, तर लेकरू झोपेल कसं?"

शंतनू खो खो हसला. चारुताही हसली, पण ते बोलणं तिच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं.

दुसऱ्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. चारुता पुढं, लेकरू मागं आत्याच्या मांडीवर. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून चारुता समोरची झडप खाली ओढायची. परतीच्या वाटेवर ऊन पाठीमागं असायचं, तरी झडप खालीच. तिच्या आतल्या बाजूला आरसा होता. त्यात हिमानीताईंचा हात दिसायचा, कैवल्यच्या जावळातून सावकाश फिरणारा.

नऊ महिने पोटात वाढवला मी. दूध पाजते मी, जागते मी. आणि झोपायला आत्या लागते!

ती मीटरकडं बघायची. तीनशे बारा. पाचशे चाळीस. हजार झाले की हे फेरे थांबतील, छावणीचा थांबा सुटेल. शंतनूला सर्दी झाली तेव्हा दोन दिवस गाडी जागेवरून हलली नाही. डॉक्टरांनी दिलेलं खोकल्याचं औषध त्यानं एकदाच घेतलं आणि बाटली फ्रिजवर ठेवून दिली. "हे घेतलं की डोळेच उघडत नाहीत. असल्या झोपेत गाडी कुठं हाणू?" मीटर अडकून पडलं म्हणून ते दोन दिवस चारुताच जास्त चिडचिडी झाली.

"तू माझ्यापेक्षा गाडीत गुंतलीस," शंतनू तिला म्हणाला.

"गुंतावं लागतं," ती म्हणाली.

मीटर नऊशे पन्नासच्या पुढं गेलं त्या संध्याकाळी चारुता आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली. छावणीत हिमानीताईंनी सवयीनं मागचं दार उघडलं आणि त्या थबकल्या.

"अगोबाई, झोपला?"

"निघता निघताच. माझ्याच मांडीवर."

"बरं बाई," म्हणत त्या पुढं जाऊन बसल्या. बिडकीन येईपर्यंत त्या दोनदा मागं वळल्या. आज मागं वळायची पाळी त्यांची होती. चारुतानं खिडकीकडं तोंड करून हसू लपवलं.

बिडकीनला टपरीवर चहा झाला. बाजूनं ट्रक गेला, कानठळ्या बसतील असा हॉर्न वाजवत. कैवल्य हललासुद्धा नाही.

"माझ्याकडं निदान कुरकुरायचा तरी," हिमानीताई म्हणाल्या. "शेवटी आई ती आईच. मी उगाच बोलले गं त्या दिवशी. मनावर घेऊ नकोस."

"छे हो, ताई. तुमचाच तर आधार," चारुता म्हणाली. इतकी गोड ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती.

परतताना मीटरवर हजाराचा आकडा आला, तसं शंतनूनं स्टिअरिंगवर थाप मारली. "पास झाली! आता पळवा हवी तशी!"

छावणीत उतरताना हिमानीताईंनी कैवल्यच्या गालावर बोट टेकवलं. "गार पडलाय गं. एसी कमी करा जरा." मग भावाला म्हणाल्या, "उद्यापासून मला घ्यायला येऊ नकोस हं." आणि मागं वळून न बघता त्या गल्लीत शिरल्या.

चारुताला हवं होतं ते सगळं मिळालं.

चिकलठाण्याला शंतनू पेढे घ्यायला उतरला. गाडीत ती दोघंच उरली. तिनं एसी बंद केला. पाय चोळले, तळवे चोळले. कानाशी तोंड नेऊन हाक मारली, आधी हळू, मग मोठ्यानं. निघण्यापूर्वी फ्रिजवरच्या बाटलीतलं औषध एकच चमचा पाजलं होतं तिनं. किरकिर थांबेना, म्हणून आणखी एक. आता मान खाली घालून बघायचं तिला धाडस होत नाही. इथवर तुम्ही सोबत आलाच आहात, तर तेवढं जरा वाकून बघा हो, त्याची छाती हलतेय का?