शंभर सोरिनची नोट

"ही बाई कोण आहे, एवढंच सांगा. मग मी जाते," नेवेना म्हणाली आणि तिनं शंभर सोरिनची नोट मेजावर ठेवली.

लुबेननं चष्मा पुसला. प्लॉवदिव शहरातल्या त्याच्या घराचं दार वाजून बरेच महिने झाले होते. सोरिन हे ताल्वेनिया देशाचं अधिकृत चलन, आणि ताल्वेनिया हा देश होता फक्त एका सिनेमात. त्या नोटांचे ठसे तरुणपणी लुबेननंच कोरले होते.

"जुन्या बाजारात मिळाली. पाहिली आणि विकणाऱ्याकडून तुमचा पत्ता काढला. काका, हा माझाच चेहरा आहे."

होता खरा. तीच रुंद हनुवटी, तीच जरा वर चढलेली भुवई. नेवेना आता चाळिशीची होती, एवढाच फरक.

"मला अनाथाश्रमाच्या दारात ठेवून गेली माझी आई. नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. तुम्ही तिला समोर बसवूनच काढलं असेल ना?"

लुबेन उठला. त्यानं कॉफी ठेवली, गुलाबाचा मुरंबा काढला. नेवेनानं डाव्या हातानं चमचा उचलला.

"डावखुरी होती," तो हळूच म्हणाला.

तिचा चमचा थांबला. "आणखी?"

"एका जागी बसवत नसे तिला. मी रागावलो की हसायची. मग पोटावर हात ठेवून गप्प बसायची."

"म्हणजे मी..."

"हो. तुझी वाट बघत होती ती."

नेवेनानं तोंड फिरवून डोळे पुसले. मग चाचरत विचारलं, "तुम्ही माझे वडील तर नाही ना?"

लुबेननं मुरंब्याच्या बरणीचं झाकण लावलं.

"नाही पोरी. तेवढं नशीब नव्हतं."

निघताना तिनं दोन्ही कप विसळून ठेवले. "रविवारी येऊ? अजून ऐकायचंय."

"ये. आठवेल तसं सांगत जाईन."

ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो खिडकीत उभा राहिला.

नोटेवरचा चेहरा जगातल्या कुठल्याच माणसाचा असता कामा नये, अशी सिनेमावाल्यांची अट होती. लुबेननं तो मनानंच काढला होता, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.